भानुमतीबाईंचं बद्द मडकं

काकासाहेब गेले तेव्हा गारखेड्याच्या त्या कॉलनीत सगळ्यांत आधी सुटकेचा निःश्वास कुणी टाकला असेल, तर तो टरबूजवाल्यानं. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, कबूल. पण काकासाहेबांनी जिवंतपणी एका टरबुजाला सुखानं जगू दिलं नाही, हेही तितकंच खरं. मधलं बोट वाकवायचं, त्याच्या पेरानं टरबुजावर टकटक करायचं, कान जवळ न्यायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "बद्द." मग पुढचं घ्यायचं, तेही बद्द. नारळ बद्द, नव्या घराच्या फरशा बद्द, पुतणीला सांगून आलेलं स्थळही बद्द. पाटबंधारे खात्यात उभा जन्म कारकुनी केलेला माणूस. तिथं त्यांना कुणी काही नापास करू दिलं नसावं, त्याचा सगळा वचपा ते बाजारात काढत.

भानुमतीबाई म्हणजे त्यांचं कुटुंब. बाईंना बघायला मंडळी आली होती, तेव्हा काकासाहेबांनी त्यांना गाण्याच्या दोन ओळी म्हणून दाखवायला सांगितल्या. बाईंनी म्हटल्या. निघताना पायरीवर चपला घालता घालता, आतल्यांना बरोबर ऐकू जाईल अशा बेतानं ते आपल्या धाकट्या भावाला म्हणाले, "आवाज जरा बद्द आहे." तरी लग्न केलंच! पसंत नव्हती तर कशाला केलीत, असं बाईंनी पुढं कितीदा तरी विचारलं. त्यावर ते पेपर वर करायचे. बाई त्यानंतर आयुष्यात कधी गायल्या नाहीत, आणि तो शब्दही त्यांनी कधी माफ केला नाही.

अक्षयतृतीयेला आपल्याकडं पितरांच्या नावानं करा-केळी पुजतात. मातीचं मडकं पाण्यानं भरायचं, आत वाळा टाकायचा, वर आंबा ठेवायचा, की वर गेलेल्यांची उन्हाळ्याची तहान भागते. वरच्या मंडळींकडं अजून फ्रीज पोचला नसावा. तर दरवर्षी हे मडकं आणायला काकासाहेब स्वतः कुंभारवाड्यात जायचे, आणि बाई मागं पिशवी धरून. तिथला कडुबा कुंभार त्यांची टोपी लांबून दिसली की तंबाखू मळायला घ्यायचा, कारण आता तासभर दुसरं गिऱ्हाईक होणार नाही हे त्याला पाठ झालेलं. टकटक, बद्द. टकटक, बद्द. लग्नाच्या सुरुवातीच्या एका वर्षी बाईंनी धीर करून एक मडकं उचललं आणि हे छान आहे, असं म्हटलं. काकासाहेबांनी ते वाजवलं, कडुबाकडं बघून हसले आणि परत ठेवून दिलं. कडुबाही हसला. त्यानंतर बाईंनी पिशवी धरण्यापलीकडं कुंभारवाड्यात काही केलं नाही.

गेल्या पावसाळ्यात काकासाहेब गेले. दवाखान्यात अगदी शेवटी शेवटीसुद्धा त्यांनी सलाइनच्या बाटलीला टिचकी मारून पाहिली होती. म्हणजे यंदाची अक्षयतृतीया त्यांची पहिली, पाणी पिणाऱ्यांच्या बाजूनं.

मुलाला आणि सुनेला मात्र वेगळीच काळजी. मंदार आणि हिमानी दोघंही नोकरीवाले, आई दिवसभर घरात एकटी, झुरत बसेल, म्हणून दोघांनी त्यांचं मन रमवायचा घाट घातला. आधी भजनी मंडळ झालं. तिथं बाई टाळ धरून तोंड मिटून बसायच्या, मग मंडळातल्याच बायकांना अवघडल्यासारखं व्हायला लागलं. मग हास्यक्लब. तिथून त्या पहिल्याच दिवशी परत आल्या. कारण नसताना सकाळी सकाळी दात काढायला मी काय खुळी आहे का, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात काही खोटं नव्हतं. शेवटी हिमानीला मोबाइलवर जाहिरात दिसली. क्रांती चौकाच्या मागं मातीकामाचा वर्ग, चाक नाही, साचा नाही, नुसत्या हातानं भांडी घडवायची. तिनं आधी फी भरली आणि मग घरात सांगितलं. हुशार आहे पोरगी.

बाईंनी नाक मुरडलं. जन्मभर भांडी घासली, आता घडवूसुद्धा का? पण पैसे गेलेत म्हटल्यावर गेल्या. पहिल्या दिवशी मातीचा गोळा हातात आला, त्यात अंगठा रुतवून त्यांनी वाटी केली, म्हणजे वाटी आणि पणती यांच्या मधलं काहीतरी. आणि ते काहीतरी हातात धरून रिक्षानं घरी येताना, कुठल्याशा सिग्नलला त्यांच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलंच.

"यंदाचं मडकं मी करणार," जेवताना त्यांनी जाहीर केलं. "तुझ्या बाबांचं. आता पितील मुकाट्यानं. बोट वाकवायला यायचे नाहीत."

मंदारचा घास अडकला. हिमानीला हसू आलं, पण नवऱ्याचं तोंड बघून तिनं ते आमटीबरोबर गिळलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी कन्नडला दिरांना फोन लावला. हे वैजनाथराव म्हणजे पायरीवरचे तेच धाकटे भाऊ. शाळेतून निवृत्त झालेले, पण घराण्याच्या रीतिभाती सांभाळायच्या नोकरीतून अजून नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, की पितरांच्या पुढं असले प्रयोग चालत नाहीत, मडकं अखंड लागतं, खणखणीत लागतं, मी इकडून आणतो, तुम्ही तसदी घेऊ नका. बाई म्हणाल्या, जरूर आणा, त्यात आपण लोणचं घालू. आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र त्यांच्या लक्षात आलं, की आता माघार घ्यायची म्हणजे दोन्ही भावांपुढं नाक घासायचं, एक कन्नडला आणि एक वर.

वर्ग म्हणजे भाड्याचं एक गॅरेज. वर पत्रा, बाहेर क्रांती चौकातले भोंगे आणि आत करुणा. करुणा तिशीतली, चित्रकलेची पदवी घेतलेली, केसांत पेन्सिल खोचून वावरणारी आणि तोंडानं फटकळ. बाईंना ती पहिल्या दिवसापासून आवडली, पण तसं दाखवायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. बाकी सगळ्या कॉलेजातल्या मुली. त्या कॉफीचे मग करायच्या, आणि मगाला कान लावायच्या आधी त्याचा फोटो काढायच्या.

मोठं भांडं कसं चढवायचं ते करुणानं दाखवलं. माती मळून आतली हवा काढायची. मग लांब लांब वळ्या करून एकावर एक रचायच्या. प्रत्येक जोडावर काट्यानं ओरखडे काढायचे, पातळ चिखल लावायचा आणि बोटानं आतून-बाहेरून जोड मिटवून टाकायचा. बाईंना मनातून हसू आलं. हात्तिच्या, ही तर कडबोळी! इतक्या दिवाळ्या कडबोळी वळलेल्या हाताला हे काय सांगायचं? त्यांनी पाटावर अशा काही एकसारख्या वळ्या वळल्या, की मुलींनी आपले मग सोडून त्यांचे फोटो काढले. बाई फुगल्या.

फक्त माती तळव्याला फार चिकटत होती. मग त्यांच्या हातानं तेच केलं जे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पर्समधून गोडेतेलाची एक छोटी बाटली नेली आणि पदराआडून तळव्याला बोट बोट लावलं. वा! माती कशी सुळसुळीत झाली. मडकं भराभर चढलं, वर चमकही आली. करुणानंही मान डोलावली. पण दोन-चार दिवसांनी बाई वर्गात गेल्या, तर फळीवर मडकं नव्हतंच. खालची वळी खाली, मधली बाजूला, वरची आडवी, अशी नुसती कडबोळी पसरलेली. करुणानं एक तुकडा उचलला, हुंगला आणि बाईंकडं बघितलं.

"तेल लावलंत का?"

बाई म्हणाल्या, चिकटत होतं म्हणून.

"चिकटायलाच पाहिजे ना. माती हाय काकू, कणीक नाय."

सगळा वर्ग खिदळला. बाईंचं तोंड एवढंसं झालं. काकासाहेब असते तर हा किस्सा त्यांनी चौदा नातेवाइकांना सांगितला असता, प्रत्येकाला थोडा वाढवून. करुणानं मात्र दुसरा गोळा आणून समोर आपटला आणि ती पुढच्या मुलीकडं गेली. बाईंनी तेलाची बाटली त्याच दिवशी कचऱ्यात टाकली.

दुसरं मडकं त्यांनी डोळ्यांत तेल घालून केलं, हातांना मात्र थेंब लागू दिला नाही. आता वळी ठेवली की ओरखडा, ओरखडा काढला की चिखल. एका दिवशी अगदी थोडंच चढवायचं, कारण खालचं ओलं असताना वर भार टाकला की पोट बसतं. बाईंना कसलाही धीर कधी नव्हता, कुकरची शिट्टीसुद्धा त्या स्वतः उचलून बघायच्या. पण इथं थांबल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पोट भरलं, गळा आवळला, काठ वळला. आतल्या बाजूला त्यांच्या बोटांचे ठसे गोल गोल उमटत वर गेलेले दिसत होते. बाई वर्ग सुटल्यावरही आत डोकावून ते बघत बसायच्या. हे मी केलं, असं त्यांना आयुष्यात फार थोड्या गोष्टींकडं बघून वाटलं होतं. करुणानं शेवटी मडक्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, जमलं. बाईंना नीट ऐकू आलं होतं. तरी त्यांनी विचारलं, काय म्हणालीस? करुणानं परत सांगितलं. मग बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

आता वाळवायचं. गॅरेजचा पत्रा उन्हानं तापतो, त्याच्याखाली मडकं घाईनं वाळून तडकलं असतं, म्हणून करुणानं ते घरी न्यायला सांगितलं. सावलीत ठेवा, वर कापड टाका, हळूहळू वाळू द्या, मग आणा, भट्टीत भाजू. आणि तोवर पाण्यापासून जपा, भाजेपर्यंत ही नुसती माती आहे. बाईंना हसू आवरेना. पाण्यासाठी तरसणाऱ्या गारखेड्यातल्या बाईला पाण्यापासून जपायला सांगणारी ही पहिलीच.

रिक्षात मडकं मांडीवर. स्पीडब्रेकर आला की बाई रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावून त्याला थांबवायच्या, मग तो गाडी मुंगीच्या पावलानं पलीकडं न्यायचा. शेवटी वैतागून त्यानं मागं वळून विचारलंच, "अम्मा, अंदर क्या है इत्ता नाजुक?" बाई म्हणाल्या, हमारे मिस्टर का है. त्यावर त्यानं जो चेहरा केला आणि त्यापुढं जी रिक्षा हाकली, तशी त्यानं स्वतःच्या लग्नातही हाकली नसेल. बाईंना नंतर कळलं की तो आत अस्थी आहेत असं समजला.

मडकं गॅलरीत सावलीला बसलं, वर काकासाहेबांचं जुनं धोतर. बाई रोज धोतर उचलून बघायच्या आणि त्याला ऐकवायच्या, म्हणजे मडक्याला नव्हे, ज्याला ऐकवायचं त्याला. कसंय? वाजवा ना आता. मडकं दिवसेंदिवस फिकट होत गेलं, पार कोरडं ठणठणीत झालं. बाईंनी सोमवारी न्यायचं ठरवलं होतं.

आणि शनिवारी पाणी आलं.

आता ज्यांच्याकडं नळाला रोज पाणी येतं त्यांना हे कळायचं नाही, पण गारखेड्यातल्या त्या गल्लीत पाणी आठवड्याकाठी येतं, आणि येतं ते पाहुण्यासारखं, वेळ न कळवता. काकासाहेब होते तोवर पाण्याच्या दिवशी ते बनियनवर घरभर फिरायचे आणि ओरडायचे, "एक भांडं रिकामं ठेवायचं नाही!" टाकी, पिंप, बादल्या तर झाल्याच, पण पातेली, कढया, कुकर, पूजेचा तांब्या, पाहुण्यांसाठीची फुलं काढलेली पितळी सुरई, सगळं भरायचं. एकदा त्यांनी मंदारच्या क्रिकेटच्या हेल्मेटकडंही विचार करत बघितलं होतं. ते गेल्यावर हा हुकूम बाईंच्या अंगात आपोआप आला, कुणी दिला नाही.

भर दुपार, घरात दुसरं कुणी नाही, बाईंचा नुकता डोळा लागलेला. नळानं आधी घसा खाकरला, मग सूं सूं केलं. बाई उठल्या त्या काकासाहेबांच्या ओरडण्यानंच, असं त्या अजून शपथेवर सांगतात. पाइप लावला. टाकी लागली, पिंप भरलं, बादल्या भरल्या, पातेली भरली, कुकर भरला. धार अजून जोरात होती. आणखी काय, आणखी काय करत पाइप ओढत त्या गॅलरीत आल्या, तर तिथं धोतराखाली एक चांगलं गोल पोटाचं भांडं, तोंड वर करून, रिकामं! रिकामं म्हटल्यावर संपलं. धोतर बाजूला, पाइप आत, काठोकाठ भरलं, वर ताटली झाकली आणि बाई समाधानानं चहा टाकायला गेल्या.

चहा पिऊन परत आल्या तर गॅलरीत तांबडा-तपकिरी ओहोळ. गढूळ पाणी सोडलं मेल्यांनी, असं म्हणत त्यांनी कठड्यावरून खालच्या सत्यभामाबाईंना हाक मारली, तुमच्याकडंही असंच आलंय का हो? सत्यभामाबाईंनी खालून पेला उंच करून दाखवला, पाणी काचेसारखं स्वच्छ. मग बाईंनी मागं वळून बघितलं. ताटली हळूहळू खाली चालली होती. बघता बघता ती फरशीला टेकली, आणि तिच्याभोवती जे पसरलं होतं त्याला मडकं म्हणायची सोय राहिली नव्हती.

बाई तिथंच खाली बसल्या, ओल्यात. रडू आलं नाही. आधी नुसतंच सुचेनासं झालं. मग एकेक कळायला लागलं. पाइप आपण आणला. धोतर आपण काढलं. आणि ओरडलं कोण?

"मेल्यावरसुद्धा नापास केलंत," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "तेही माझ्याच हातानं."

आणि मग त्यांना हसू फुटलं, एकट्या बसून त्या हसत सुटल्या, हास्यक्लबात कुणी हसलं नसेल तशा, आणि हसता हसता एकदम रडायला लागल्या. काकासाहेब गेले त्या दिवशीसुद्धा त्या एवढ्या रडल्या नव्हत्या. तेव्हा घरात माणसं होती, चहा करायचा होता.

हिमानी संध्याकाळी आली तेव्हा सासूबाई गॅलरीत चिखलात हात घालून बसलेल्या. पोरीनं काय झालं म्हणून विचारलं नाही. रिकामी बादली शोधायला लागली, पण घरात रिकामं काही नव्हतंच, म्हणून एक बादली कुंड्यांत ओतून ती घेऊन आली, आणि दोघींनी मिळून सगळा चिखल त्यात भरला. मग तिनं करुणाला फोन लावून दिला. करुणा आधी बराच वेळ नुसती हसली. बाईंनी ते ऐकून घेतलं. नंतर ती म्हणाली, फेकू नका काही, भाजलेलं नाही म्हणजे माती जशीच्या तशी आहे, घेऊन या. वेळ थोडा आहे, वाळायला उसंत मिळणार नाही, वेडंवाकडं होईल, कदाचित तडकेल. पण करू.

दुसऱ्या दिवशी हिमानीच्या स्कूटरवर पायाशी बादली आणि मागं सासूबाई, अशी वरात क्रांती चौकात गेली. तिसरं मडकं बाईंनी त्याच मातीचं केलं. घाईत केलं, पोट जरा एका बाजूला कललं. रिक्षात बसताना काकासाहेब कलायचे, त्याच बाजूला. मुलींनी यावेळी फोटो काढले नाहीत. त्या पंखा फिरवून मडक्याला वारा घालत होत्या. फुटलं तर भावजींचं आहेच, असं बाई सगळ्यांना सांगत होत्या. भट्टी लागली त्या दिवशी मात्र त्यांना जेवण गेलं नाही.

भट्टी उघडली. मडकं उभं होतं. गळ्यापाशी केसाएवढी एक रेघ. करुणानं ते हातात फिरवून बघितलं आणि म्हणाली, उभं तर राहील, पाण्याचं मी काही सांगत नाही. आमच्या घरी हे पितरांचं वगैरे काही नसतं काकू, पण आता मला बघायचंय काय होतंय ते. बाई म्हणाल्या, मग ये की जेवायला, आमरस आहे.

अक्षयतृतीयेच्या सकाळी वैजनाथराव कन्नडहून पहिल्या एसटीनं आले, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं मडकं घेऊन. त्यांनी ते पाटावर ठेवलं. बाईंनी त्याच्या शेजारी आपलं ठेवलं. मंदार सोवळं नेसून उभा, हिमानी आंबे धुऊन आणतेय, करुणा दाराशी चप्पल काढतेय. वैजनाथरावांनी आधी आपलं मडकं वाजवलं, छान खणकन वाजलं. मग त्यांनी मधलं बोट वाकवलं. ते बोट थेट काकासाहेबांचं होतं, तेच पेर, तसाच पुढं आलेला कान, तसेच मिटलेले डोळे. टकटक झालं.

"बद्द," वैजनाथराव म्हणाले. "हे चालणार नाही, वहिनी."

मंदार पंख्याकडं बघायला लागला. हिमानी हातातले आंबे घेऊन तशीच थांबली. बाईंना वाटलं, झालं, संपलं सगळं, परत पिशवी धरा. आणि मग त्या पाटाजवळ गेल्या, वैजनाथरावांचं मडकं उचलून त्यांनी बाजूच्या स्टुलावर ठेवलं.

"बद्दच आहे, भावजी," त्या म्हणाल्या. "मलाही बद्दच म्हणाले होते, पायरीवर. तुम्ही होतात की तिथं. तरी जन्मभर माझ्याच हातचं पाणी प्यायले ना? मग आज हेच पितील."

वैजनाथरावांची मान खाली गेली, कारण ते पायरीवर होते, आणि त्या वेळी हसलेही होते. ते मंदारला म्हणाले, भर रे, हेच भर.

मंदारनं भरलं. वाळा पडला, वर आंबा बसला, पूजा झाली. मडकं आधी नुसतं घामेजलं. मग त्या रेघेतून एक थेंब आला, थोड्या वेळानं दुसरा. सगळे पानावर बसले, पण आमरसाकडं कुणाचं लक्ष नव्हतं, सगळ्यांचे डोळे पाटाकडं. दुसरी पोळी वाढेपर्यंत पाट ओला झाला होता आणि मडक्यातलं पाणी दोन बोटं खाली गेलं होतं. करुणा वाटी हातात धरून बघत होती. वैजनाथराव शेवटी हळूच म्हणाले, वहिनी, गळतंय.

"गळत नाही. पितायत," बाई म्हणाल्या. "जन्मात पहिल्यांदा, नाव न ठेवता."

आधी करुणाला हसू फुटलं, मग हिमानीला, मग मंदारला, आणि वैजनाथराव उपरण्यात तोंड घालून इतके हसले की त्यांना ठसका लागला. बाईंनी त्यांना पाणी दिलं, त्यांच्याच मडक्यातलं.

जेवणं झाली. आमरस अंगावर आला, जो तो जागा मिळेल तिथं आडवा झाला. करुणा जाताना मडक्याला हात लावून बघून गेली. घर गप्प झालं, तेव्हा बाई तांब्या घेऊन पाटापाशी आल्या. पाणी आणखी उतरलं होतं. त्यांनी वरपर्यंत भरलं. थोडं थांबल्या. मग मधलं बोट वाकवून त्यांनीच मडक्यावर टकटक केलं. बद्द वाजलं, चांगलंच बद्द.

"बोला की," त्या म्हणाल्या.

पाटावर थेंब पडत राहिले. आतल्या खोलीत वैजनाथराव घोरत होते. बाई तांब्या हातात धरून तिथंच उभ्या राहिल्या, कुणीतरी काहीतरी नाव ठेवील म्हणून वाट बघत.